पुण्याला नंबर नाही लागला तर

आई सांगत होती, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला तुझा नंबर लागला नाही तेव्हापासून तू धड बोलत नाहीस. ऐक माय, सुमित्रा भावे कुठल्याच फिल्म संस्थेत शिकल्या नव्हत्या. दिल्लीच्या आकाशवाणीवर त्यांनी मराठी बातम्या वाचल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. वस्तीतल्या बायकांचा अभ्यास त्या बायकांपर्यंतच परत जावा, या तळमळीतून १९८५ साली त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांसोबत केलेल्या ‘कासव’ चित्रपटाला तर सुवर्णकमळ.

तूही आपल्या शिवारातूनच माहितीपटाला सुरुवात कर. आपल्या कपाशीवर बाहेरच्यांनी चांगले माहितीपट केलेत. दीपा भाटियांचा ‘नीरोज गेस्ट्स’ पत्रकार पी. साईनाथांसोबत विदर्भात फिरतो. नंदन सक्सेना आणि कविता बहल यांच्या ‘कॉटन फॉर माय श्राउड’लाही राष्ट्रीय पुरस्कार आहे. दोन्ही जरूर पाहा. दोन्हींत शेतकऱ्यांच्या आत्महत्या झालेल्या घरांचं दुःख आहे. तू मात्र वेचणीकडे जा. दिवसभर ओटीत कापूस वेचायचा, संध्याकाळी धुऱ्यावर मोजून द्यायचा, किलोमागे मजुरी घ्यायची. काट्यावर गाठोडं चढलं की सगळ्या बायका कशा गप्प होतात! आणि पऱ्हाटीच्या ओळींतून चालणाऱ्या त्यांच्या वऱ्हाडी गप्पा पाहुण्यासमोर निघत नाहीत वं. तुझ्यासमोर निघतील.

पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊच नको. वेचणीच्या वेळात मुलाखत मागू नको, वेचणारीची मजुरी बुडते. चित्रण मोबाइलवर चालेल, पण कॉलर माइक चांगला घे, शेतातला वारा अर्धं बोलणं खाऊन टाकतो. तयार झाल्यावर आधी त्यांनाच दाखव. एखादी म्हणाली, ‘हे नको’, तर काढून टाक. कितीही जीव जडला असला तरी.

पैशाचं खरं सांगते: माहितीपटावर घर चालत नाही, निदान सुरुवातीची बरीच वर्षं. म्हणून आकाशवाणीच्या अकोला केंद्रावर नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाजचाचणी निघाली की ती दे. तिथं चित्र नसतं, त्यामुळे माणूस कुठं थांबला, कुठं श्वास घेतला, हे ऐकायची सवय लागते. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, मराठी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाची तिथं चौकशी कर. मेळघाटावर माहितीपट करायचं मनात असेल तर आधी तिथली कोरकू भाषा शिकायला लाग.

दिवाळीच्या सुमारास वेचणी जोरात असते, तेव्हा मावशीकडे दर्यापूरला राहा. माइकचे पैसे मी देते, बाबांशीही मीच बोलते.