पावशाची हाक

वैशाख संपून ज्येष्ठ लागला, आभाळात ढग जमू लागले, म्हणजे "पेरते व्हा, पेरते व्हा" ही हाक गावोगावी ऐकू येते. कासारवाडीसारख्या गावी शेतांच्या जागी आता घरे व कारखाने झाले, आणि 2022 सालापासून मेट्रो गाडीही धावू लागली. तथापि घरामागील परसात दोनचार झाडे राखली, तर तेथेही पाखरे येतात. ही हाक कोणाची व तिचा अर्थ काय, याचा आज आपण विचार करू.

हाक देणारा पक्षी पावशा होय. तो पारव्याएवढा असून त्याची पाठ राखी व शेपटीवर आडवे पट्टे असतात. त्याचे रूप शिकऱ्याशी इतके मिळते की, लहान पाखरे त्यास पाहून भितात. तो कोकिळेच्या कुळातला आहे. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, तशी पावशाची मादी सातभाईंच्या घरट्यात घालते. दोघांचीही अंडी निळी, म्हणून सातभाईंस फरक सहसा कळत नाही.

आता नीट कान द्यावा. ही हाक मार्चच्या सुमारासच सुरू होते. तेव्हा पाऊस तीन महिने दूर असतो. ती चढत चढत जाते, एकाएकी थांबते, व पुन्हा आरंभ होतो. रात्रीही ती ऐकू येते. यावरून उघड आहे की, पावशा शेतकऱ्यास नव्हे, तर आपल्या मादीस बोलावीत असतो.

चातकाची गोष्ट थोडी निराळी. हा काळापांढरा, शेंडीवाला पक्षी पावसाळी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून आपल्याकडे येतो. म्हणून तो दिसला असता पाऊस जवळ आला असे मानण्यास आधार आहे. परंतु जमिनीत ओल किती उतरली, हे त्यासही सांगता येत नाही.

आणि पेरणी तर ओलीवरच अवलंबून! पहिल्या सरीस भुलून बी टाकले, आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर कोंब करपतात. दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकाराचे दार पाहावे लागते. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असे कृषी खाते सांगत असते.

तर पाखरांकडे अवश्य पाहावे, परसात त्यांस परळभर पाणी ठेवावे, मुलांच्या हातची गलोल काढून घ्यावी. पण पेरण्यापूर्वी माती हाताने उकरून पाहावी.

मुलांस विचारावयाचे प्रश्न : 1. पावशाची पिले कोण वाढविते? 2. त्याची हाक पावसाची खूण का नव्हे? 3. पेरणीची वेळ कशावरून ठरवावी?