जिनिंग बंद व्हायच्या आत

काटकसरीचे सल्ले बहुतेक पगारदार माणसांचे असतात. एक तारखेला पैसे येणार, हे त्यात धरलेलंच असतं. आम्ही नांदुरा तालुक्यातले, घाटाखालचे. आमचे हे जिनिंगमध्ये कामाला जातात. दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की काम सुरू होतं आणि उन्हाळा तापला की जिनिंगला कुलूप. सीझनात महिन्याला १५,००० हातात पडतात. एरवी मिळेल ती मजुरी आणि माझी शिलाई धरून आठ-नऊ हजार, तेही नक्की नाही. अशा घरात महिन्याचा हिशेब मांडला की पावसाळ्यात तो हमखास कोलमडतो. मांडायचा तर वर्षाचा मांडावा.

सासूबाईंचा एकच नियम होता: जिनिंग चालू आहे तोवर कोठ्या भरायच्या. वेळापत्रकही जुळून येतं. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, मग लाल मिरची, मार्च-एप्रिलमध्ये गहू. हातात पैसा असतो तेव्हाच माल खळ्यावर असतो. आधी तूर घ्या, कारण वर्षभरात डाळच सगळ्यात जास्त दगा देते. वावरवाल्याकडून आख्खी तूर घेऊन घरी डाळ केली तर मेहनत पडते, पण चुरी आणि टरफल गुरं असणाऱ्यांना देऊन बदल्यात ताक-दूध मिळतं. नवा गहू मात्र घाईने कोठीत ओतू नका. चार-पाच कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या, मग वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत भरा. डाळीला एरंडेल तेलाचा हात पुरतो. बोरिक पावडर कुणी कितीही सुचवली, तरी पोटात जाणाऱ्या जिनसाला ती लावू नये.

एकदम एवढा पैसा कुठून आणायचा, असं बाया विचारतात. एकदम कधीच येत नाही. सीझनात दर आठवड्याच्या पगारातून आधी कट्ट्याचे पैसे बाजूला निघतात, मग बाजार. आमच्या जिल्ह्यात केशरी कार्डावरच्या शेतकरी कुटुंबांना २०२३पासून रेशनच्या धान्याऐवजी खात्यात माणशी रोख रक्कम येते. सुरुवातीला ती महिन्याला १५० रुपये होती. धान्य घरात दिसतं, रोख दिसत नाही. ज्यांना ती मिळते त्यांनी तिचं धान्यच करावं. लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांनाही मी हेच म्हणेन.

कोठी रिकामी राहिली की किराणा दुकानातली वही सुरू होते. दुकानदार वाईट नसतो, अडचणीला तोच उभा राहतो. पण वहीवर माल घेणाऱ्याला भाव विचारता येत नाही आणि दुकानही बदलता येत नाही.

आता गटाचं. गावात दोन प्रकारचे गट असतात आणि दोन्हीला आपण ‘गट’च म्हणतो. एक आपल्या बायांचा बचत गट. आमच्या गटात महिन्याला शंभर रुपये भरतो, कर्जावर दरमहा दोन टक्के व्याज घेतो. व्याज कमी नाही, पण ते गटातच राहतं आणि वर्षाअखेरीस वाटून मिळतं. दुसरा गट कंपनी जमवते, कर्जासाठीच. एक वर्ष मी अशा गटात होते, शिलाई मशीनसाठी. माझा एकही हप्ता चुकला नाही. पण गटातली एक जण कुटुंबासकट पुण्याकडे कामाला निघून गेली आणि तिचा हप्ता उरलेल्यांवर पडला. पैसे जमेपर्यंत कुणी उठायचं नाही, असं बजावलं गेलं. महिना होता आषाढाचा. हप्त्याला सीझन कळत नाही.

म्हणून सही करण्याआधी काही गोष्टी विचारा. ‘वर्षाला १२ टक्के फ्लॅट’ असं कुणी म्हणालं तर वहीवर मांडून पाहा: ३०,००० वर ३,६०० व्याज, महिन्याला २,८०० चा हप्ता. अर्धं मुद्दल फिटलं तरी व्याज पूर्ण तीस हजारांवरच चालतं; खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे व्याज आणि सगळे आकार लिहिलेला कागद मागणं हा आपला हक्क आहे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे. याच नियमांत घराच्या सगळ्या हप्त्यांची मर्यादा उत्पन्नाच्या निम्मी धरली आहे. निम्मी! आठ हजारांत चार हजार हप्त्याला गेले तर चुलीला काय राहणार? आपली मर्यादा आपणच ठरवावी, आणि तीही पावसाळ्यातल्या कमाईवर.

काटकसर कुठे करू नये, हेही सांगते. पूर्णेकाठचा हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी फुकट मिळतं म्हणून पीत राहणारी घरं मी पाहिली आहेत, आणि मूतखड्याने, मूत्रपिंडाच्या दुखण्याने बेजार झालेली माणसंही. पिण्याच्या पाण्याच्या कॅनचे पैसे मी धान्याच्याच रांगेत धरते.

दुसरा खर्च कुलरचा. शंभर युनिटच्या पुढे विजेचा दर जवळपास दुप्पट होतो, म्हणून दुपारी तो बंद आणि रात्री पोरं झोपेपर्यंतच चालू. बुलढाण्याला, घाटावर राहणाऱ्या नणंदबाईंना ही चैन वाटते. त्यांनी एकदा मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे राहायला यावं.