मुका आजार

दुधनीच्या बाजारात तूर घेऊन आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, "बाबा, रक्तदाब आहे का?" तो हसेल. म्हणेल, "छे! तो शहरातल्या लोकांचा रोग. आम्ही भाकरी खाणारी, रानात राबणारी माणसं."

त्याच्या बोलण्यात थोडे खरे आहे. २०१७-१८ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर पाहणी केली. पंचेचाळिशी ओलांडलेली माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोक त्यात होते. मधुमेह आहे असे सांगणारे म्हातारे शहरात खेड्याच्या दुपटीहून जास्त निघाले. रक्तदाबाचेही शहरात अधिक. बैठे काम अंगाला लागते, ते असे.

पण प्रश्न कसा विचारला होता, तेही पाहू. "डॉक्टरांनी तुम्हाला हा आजार सांगितला आहे का?" आता जो डॉक्टरकडे गेलाच नाही, त्याला कोण सांगणार? तो "नाही" म्हणतो, आणि निरोगी धरला जातो! त्याच पाहणीत दंडाला पट्टा बांधून दाब मोजला. तेव्हा न कळलेले आजारी पुष्कळ सापडले. असे लोक खेड्यात जास्त.

रक्तदाब हा मुका आजार आहे. ताप नाही, कळ नाही. एक दिवस तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो. मग गाडी करा, सोलापूर नाहीतर कलबुर्गी गाठा. आणि "म्हातारपणी चालायचंच" असे आपणच म्हणतो.

चुलीच्या धुराचा त्रास तर खेड्याचाच. विडीला कधी हात न लावलेल्या म्हातारीला धाप लागते, ती उगाच नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली कॅन्सरची नोंदणी सुरू झाली. देशातली खेड्यांसाठीची ही पहिली नोंदणी. तिथली माणसे गावोगाव फिरली, घरी बसून बोलली. मुंबईच्या बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त, तर बार्शीकडे गर्भाशयाच्या तोंडाचा, असे दिसले. लक्षणे समजल्यावर बायका लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. आम्हांला ही गोष्ट फार मोठी वाटते.

तिशीनंतर रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. कागदावर दोन आकडे मिळतात. वरचा १४० किंवा खालचा ९० पुन्हापुन्हा भरला, तर दाब वाढला समजतात. हे आकडे आता आपल्याला वाचता येतात. तो कागद रेशनकार्डाजवळ ठेवावा, आणि पुढच्या वेळी बरोबर न्यावा.