‘आम्ही’ कोण? झाशीच्या किल्ल्यातील एक पाठ

निवडणूक असो वा क्रिकेटचा सामना, निकाल लागताच आपण म्हणतो, ‘आम्ही जिंकलो!’ मैदानात न उतरताही हा ‘आम्ही’ येतो कुठून?

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांचे दोन गट केले. कारण सांगितले ते क्षुल्लक : कोणाला कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडली. तरीही पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. आपल्याला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्यांपेक्षा जास्त हवे, अशीही निवड केली. भेदाची ओढ मनात किती खोल असते, हे यावरून कळते.

आता झाशीकडे पाहू. १८५८ साली इंग्रजी फौजेने वेढा घातला, तेव्हा मराठी घरातील राणी लक्ष्मीबाईंच्या तोफा गुलाम गौस खान चालवीत होते. ते तेथेच धारातीर्थी पडले. खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्यासह त्यांची कबर आजही किल्ल्यात आहे. भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण झाशी सर्वांची होती.

म्हणून साधकाने ‘आम्ही’ पुसायचा नाही, तो रुंद करायचा. आपण कोणाविरुद्ध उभे आहोत यापेक्षा कशासाठी उभे आहोत, हे स्वतःला विचारावे.

मतभेदामुळे ज्या आप्ताशी बोलणे थांबले आहे, त्याला या आठवड्यात फोन करू या. राजकारण नको, आधी तब्येतीची चौकशी करू या.