आधी खोली, मग सर्व्हर
(विद्यापीठाच्या संगणक केंद्रात रुजू झालेल्या पुतणीला घोटावड्याहून काकांचे कानमंत्र)

पोरी,

सामाईक नेटवर्क आणि सर्व्हरचं काम तुझ्या गळ्यात पडलंय म्हणे. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी प्राध्यापक बोलावून विचारतील, "मॅडम, सर्व्हर कोणता घेऊ या?" त्याचं उत्तर लगेच देऊ नकोस. नोकरीभर मी पाहिलं ते हेच, की सर्व्हर चुकीचा निवडला म्हणून विद्यापीठ क्वचितच अडतं. अडतं ते विजेपायी, उकाड्यापायी, जेसीबीपायी आणि "हे नक्की कुणाचं?" या भांडणापायी. म्हणून यंत्राचं नाव कागदावर सगळ्यात शेवटी यावं. त्याआधी काय यावं, ते सांगतो.

मागणी वाईट दिवसावरून मोज

वर्षाची सरासरी काढून आराखडा करू नकोस. प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस, निकालाची दुपार, महाविद्यालयांना ऑनलाइन प्रश्नपत्रिका जाण्याची वेळ, या तीन दिवसांचे आकडे काढ. बाकीच्या दिवशी यंत्र निवांत असलं तरी कुणी हिशेब मागत नाही. या तीन दिवशी ते बसलं, तर बातमी होते.

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. स्कॅन करायच्या प्रती लाखोंच्या घरात होत्या आणि नवी पद्धत थेट उन्हाळी परीक्षेलाच लावली. निकाल महिनोन् महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. कल्पना वाईट नव्हती. एखाद्या छोट्या अभ्यासक्रमावर वर्षभर रंगीत तालीम करायची, ती राहून गेली. तुझ्याकडे अशी घाई घेऊन कुणी आलं, तर आधी एका विभागाचं करू या असं म्हण आणि ते लेखी म्हण.

विकत घेण्याआधी शेजारी विचार

आपल्या भागाला हे सामाईक यंत्रांचं वेड जुनं आहे. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आली, तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. इंटरनेट सर्वसामान्यांना १९९५ च्या १५ ऑगस्टला मिळालं, पण संशोधन संस्था त्याआधीच अर्नेटवर होत्या. हे जाळं १९८६ मध्ये सरकारी इलेक्ट्रॉनिक्स खात्याने सुरू केलं. आयुकाचे ईमेल पत्ते कितीतरी वर्षं अर्नेटच्याच नावाने संपायचे. एका संस्थेला न परवडणारी वाट अनेकांनी मिळून वापरायची, ही रीत तिथून आली.

आज पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. २०१९ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता ७९७ टेराफ्लॉप होती. तो राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मोहिमेतला आहे, त्यामुळे बाहेरच्या संशोधकांनाही रीतसर अर्ज करून वेळ मिळतो. वर्षातून दोन महिने मोठं गणित चालवणाऱ्या विभागाला स्वतःचा क्लस्टर कशाला? त्याला अर्ज भरायला शिकव. शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणाऱ्या नॅशनल नॉलेज नेटवर्कची जोडणी आपल्या संस्थेला आहे का आणि असेल तर ती कुठल्या खोलीत येऊन धूळ खात पडली आहे, हेही आधी बघ. आपल्या शेजारी लवळ्यात सिंबायोसिस आहे, फ्लेम आहे. तिथे तुझंच काम करणाऱ्यांचे फोन नंबर जवळ ठेव. पुस्तकात सापडत नाही ते एका फोनवर कळतं.

खोलीचा हिशेब कागदावर मांड

तळमजल्यावर पाणी शिरतं, वरच्या मजल्याची गच्ची गळते. मुळशीचा पाऊस तुला नवा नाही. मधला मजला घे आणि बरोबर वरती स्वच्छतागृह नाही ना, ते स्वतः जिना चढून बघ. लिफ्टचं आणि खोलीचं दार मोज. रॅक ४२ यू उंचीचा असला तरी पुढून मागे लांबीला कमी पडला तर सर्व्हर आत बसत नाही, म्हणून ती लांबी १००० मिलिमीटरपेक्षा कमी असलेला घेऊ नकोस.

मग वीज. समज, आठ सर्व्हर प्रत्येकी ५०० वॉटचे आणि जीपीयूचा एक मोठा २ किलोवॉटचा. झाले ६ किलोवॉट. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे पावणेदोन टन लागला. दोन टनांचे दोन एसी बसव, एक चालू आणि एक विश्रांतीला, टायमरवर आलटून पालटून. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत राहिली की पुरे. खोलीचं शीतगृह करायची गरज नाही. थंड वारा रॅकच्या पुढून जावा आणि गरम हवा मागून निघावी. पुढे आणि मागे हात धरून बघ. मागची गरम हवा वळसा घालून पुढे येत असेल, तर रॅकमधल्या रिकाम्या जागांना पत्र्याच्या पट्ट्या लाव. खर्च किरकोळ, फरक मोठा.

आणि हे विसरू नकोस: वीज गेली की यूपीएस सर्व्हरला धरून ठेवतो, एसीला नाही. जनरेटर चालू झाला नाही, तर बंद खोली काही मिनिटांत तापते आणि बॅटरी शिल्लक असतानाच सर्व्हर भाजतात. म्हणून यंत्रं आपोआप बंद होण्याची सोय बॅटरीवर लाव, तशी तापमानावरही लाव.

आता बिल. यंत्रांची ६ किलोवॉट आणि एसीची २ किलोवॉट वीज, दिवसरात्र, वर्षाला सुमारे ७०,००० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ७ लाख. पाच वर्षांचे ३५ लाख. अनुदान यंत्राला मिळतं, बिल विद्यापीठाला येतं. हा आकडा खरेदीच्या टिपणीतच लिहून सह्या घे, नाहीतर तिसऱ्या वर्षी लेखाधिकारी तुला बोलावतील.

अर्थिंग मे महिन्यात मोज

आपल्याकडे हातभर मुरूम खणला की खाली काळा पाषाण लागतो. अशा जमिनीत अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात छान चालतो, उन्हाळ्यात सुकतो. ठेकेदार ऑगस्टमध्ये मोजणी करून अहवाल चिकटवून जातो. तू मे महिन्यात पुन्हा मोजायला लाव. आणि रोजची साधी परीक्षा स्वतः शीक. मल्टिमीटरची एक पिन सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये, दुसरी अर्थमध्ये धर. दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा गेला, तर त्या सॉकेटला सर्व्हर लावायचा नाही. कंपनीचा माणूस यंत्र बसवायला आला की तोही हेच आधी बघतो, आणि आकडा जास्त दिसला की खोका न उघडता परत जातो.

दोन इमारतींमध्ये तांबं नको

तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते, हे तुला शिकवलं असेल. अंतर ५० मीटर असलं तरी एका इमारतीतून दुसरीत तांबं नेऊ नकोस. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्या तारेवाटे दोन्हीकडचे स्विच जातात. बाहेर फक्त फायबर, आणि तीही सिंगल मोड. काच तीच राहते, पुढे वेग वाढवायचा तर टोकाचे मॉड्यूल बदलायचे.

चार धाग्यांची गरज असेल तर चोवीस धाग्यांची केबल टाक. पैसे काचेला जात नाहीत, चर खणायला जातात. एचडीपीई पाइप घाल आणि आत ओढायची दोरी ठेवूनच तोंड बंद कर. महत्त्वाच्या इमारतीला दोन वाटांनी जोडणी दे, पण दोन वेगळ्या चरांतून. एकाच चरातल्या दोन केबल जेसीबीच्या एका फटक्यात जातात. चराचा नकाशा बांधकाम विभागाला दे, पोच घे, आणि बागकामाच्या मुकादमालाही दाखव. खड्डे तोच जास्त खणतो.

वाटणीचे नियम यंत्राआधी ठरव

भाताच्या खाचरांत वरच्याने बांध फोडून किती पाणी सोडायचं हे गावाने आधी ठरवलेलं असतं, म्हणून खालच्याचं भात वाळत नाही. नेटवर्कचंही तसंच. वसतिगृह, परीक्षा विभाग, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांची व्हीलॅन वेगळी ठेव. परीक्षा विभागाचा हिस्सा राखीव. वसतिगृहात ३०० मुलं असतील तर फोन आणि लॅपटॉप धरून ६०० आयपी पत्ते लागतात. २५४ पत्त्यांच्या एका तुकड्यावर ते भागणार नाही. मुलं घरचा राउटर आणून भिंतीत खुपसतात आणि मजलाभर चुकीचे पत्ते वाटले जातात. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग आणि बीपीडीयू गार्ड पहिल्या दिवशीच चालू कर.

सामाईक क्लस्टरवर स्लर्मसारखा रांग लावणारा प्रोग्रॅम हवाच. ज्या विभागाने पैसे दिले, त्याला त्याच्या नोडवर पहिला हक्क. तो वापरत नसेल तेव्हा इतरांना. हे नियम समितीकडून मंजूर करून घे. नाहीतर ज्येष्ठ प्राध्यापकांचा फोन आला की रांग मोडायची वेळ तुझ्यावर येईल. नियम समितीचा असला की तू फक्त निरोप सांगणारी.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

१६ टेराबाइटच्या आठ डिस्क रेड ६ मध्ये लावल्या की ९६ टेराबाइट हाती येतात आणि दोन डिस्क गेल्या तरी माहिती राहते. पण कुणी चुकून फोल्डर पुसला किंवा खंडणीचा व्हायरस शिरला, तर माहिती सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. त्यातली एक नेटवर्कपासून तोडलेली. आणि दर तिमाहीत एक फाइल खरोखर परत आणून उघडून बघ. न उघडलेला बॅकअप मी हिशेबात धरत नाही.

निविदेत काय लिहायचं

सरकारी खरेदीचं जेम पोर्टल असो की ई-निविदा, कंपनीचं नाव न लिहिता गरज लिही. वॉरंटी पाच वर्षांची, मूळ खरेदीतच. चौथ्या वर्षी देखभालीचा वेगळा प्रस्ताव मंजूर करून घेणं म्हणजे सहा टेबलांची वारी. वॉरंटी माल पोचल्यापासून नको, बसवून चालू झाल्याच्या दाखल्यापासून धरायची अट घाल, कारण मार्चअखेर आलेले खोके जूनपर्यंत व्हरांड्यात पडतात. बिघडलेली डिस्क कंपनीला परत देणार नाही, ही अटही टाक; तिच्यावर मुलांचे गुण असतात. दोन जादा डिस्क, एक पॉवर सप्लाय, एक स्विच आणि थोडे मॉड्यूल त्याच खरेदीत घेऊन कपाटात ठेव.

वही लिही

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव: कुठून कुठे, कोणत्या पोर्टला, कोणत्या तारखेला. चिकटपट्टी रॅकच्या मागच्या बाजूलाही हवी, कारण रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन माणूस मागेच उभा असतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार यंत्रांच्या स्वतःच्या नोंदी (लॉग) १८० दिवस देशातच जपायच्या असतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. सगळ्या यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली नसतील, तर त्या नोंदींचा उपयोग नाही. पासवर्ड एकट्याच्या डोक्यात ठेवू नकोस; बंद पाकिटात कुलसचिवांच्या तिजोरीत एक प्रत असू दे.

एवढं सगळं झालं की सर्व्हरची निवड अर्ध्या दिवसाचं काम आहे. किती वीज, किती थंडावा, किती जागा, किती पैसे आणि कुणाचा किती हिस्सा, हे कागदावर असलं की उरलेले पर्याय दोन-तीनच राहतात, आणि त्यातला कोणताही घेतलास तरी चालतो. म्हणून त्या प्राध्यापकांना आज एवढंच सांग: "सर, सर्व्हर सांगते, आधी खोली दाखवा." आणि खोली बघायला जाताना मल्टिमीटर बरोबर घेऊन जा.