दोन खडे जास्त मिळाले, पण डाव कोण खेळणार? – सबसिडीचा धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सबसिडीवर बोललो. त्यात एका खेळाचं उदाहरण दिलं होतं, ते इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी खेळ समजून घ्या

'गो' हा चीन, कोरिया, जपानमधला जुना पटावरचा खेळ. 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा, म्हणजे 361 जागा. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. जो जास्त जागा घेरेल तो जिंकला. समोरचा खूप भारी असेल तर कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच दोन-चार खडे पटावर जास्त ठेवू देतात. शर्यतीत आपण लहान पोराला चार पावलं पुढे उभं करतो ना, तसंच.

कोरियाचा ली सेडोल हा या खेळातला जगातला मोठा खेळाडू. मार्च 2016 मध्ये गुगलच्या 'अल्फागो' या एआयने त्याला 4-1 ने हरवलं. नोव्हेंबर 2019 मध्ये त्याने निवृत्ती घेतली. एआयला आता हरवता येत नाही, हे एक कारण त्याने उघड सांगितलं. मग डिसेंबर 2019 मध्ये निरोपाचे तीन डाव झाले, कोरियातल्याच 'हानडोल' या एआयविरुद्ध. या वेळी पहिल्या डावात ली सेडोलने दोन खडे जास्त घेतले. इतका मोठा माणूस, पण आपण कच्चे आहोत हे मान्य करून बसला. धंद्यात हे पहिलं काम.

पण ही सवलत फुकट नव्हती. हिशोबाच्या वेळी त्याला समोरच्याला साडेसात गुण द्यायचे होते.

तीन डावांत काय झालं?

18 डिसेंबर, पहिला डाव. ली सेडोल मूळचा लढाऊ खेळाडू, पण त्या दिवशी तो सांभाळून खेळला. मिळालेली आघाडी जपली आणि संधीची वाट पाहिली. 78 वी चाल त्याने अशी टाकली की हानडोल चुकला. 92 चालींत एआयने हार मानली.

19 डिसेंबर, दुसरा डाव बरोबरीचा, जादा खडे नाहीत. 122 चालींत ली हरला.

21 डिसेंबर, तिसरा डाव. पुन्हा तेच दोन खडे, तोच खेळाडू. तरी 181 चालींत हरला.

चीनच्या के जी या अव्वल खेळाडूचंही तेच. जानेवारी 2018 मध्ये दोन खडे जास्त घेऊनही तो 'फाइन आर्ट' या एआयकडून 77 चालींत हरला.

म्हणजे सवलत सारखीच, निकाल वेगळे. फरक चालींत होता.

आता आपला पट

आपल्या हरसूल भागात कोणी नागलीच्या पापडाचं युनिट टाकतंय, कोणी पिठाची गिरणी. समोर मोठ्या कंपन्यांचा पॅकबंद माल. 'पीएमईजीपी' योजनेत ग्रामीण भागातल्या अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला 35 टक्के सबसिडी आहे, स्वतःचे 5 टक्के घालायचे. समजा प्रकल्प 4 लाखांचा:

- स्वतःचे पैसे: 20,000
- बँकेचं कर्ज: 3,80,000
- सबसिडी: 1,40,000

बरेच जण इथे फसतात. हे 1,40,000 हातात येत नाहीत. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं अडकवून ठेवतात. युनिट चालू राहिलं तर नंतर कर्जात वळते होतात. युनिट बंद पडलं तर सबसिडी परत जाते आणि कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं. हे आपले साडेसात गुण समजा. अर्ज करण्याआधी चालू नियम बँकेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

म्हणून पहिली तीन वर्षं ली सेडोलच्या पहिल्या डावासारखी खेळा:

1. सबसिडी धरून मोठी मशीन घेऊ नका. आठवडे बाजारात किती माल खपतो ते बघून मशीन ठरवा.
2. हप्ता विक्रीतून निघतोय का, हे दर महिन्याला लिहा.
3. उधारीला मर्यादा ठेवा. उधारी वाढली की आघाडी गुपचूप संपते.
4. मोठ्या कंपनीशी भावात लढू नका. तिला न दिसणारी जागा शोधा. आश्रमशाळेला, लग्नघराला, बचत गटाला हवा तेवढा ताजा माल वेळेवर देणं तुम्हाला जमतं, तिला ते परवडत नाही. ही तुमची 78 वी चाल.

गृहपाठ

वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे तुम्हाला आयते मिळालेले खडे लिहा: सबसिडी, घरची जागा, ओळखी, घरातली मदत. उजवीकडे प्रत्येकाची किंमत लिहा: हप्ता, उधारी, नात्यातली भीड. मग खाली एकच प्रश्न सोडवा. हे सगळे खडे उद्या काढून घेतले, तर माझा धंदा किती महिने चालेल?

उत्तर सहा महिन्यांच्या आत आलं, तर कर्जाचा अर्ज थोडा थांबवा आणि आधी गिऱ्हाईक वाढवा. पुढच्या व्हिडिओत हप्त्याचा तक्ता कसा करायचा ते शिकू. तोपर्यंत पान भरून ठेवा!