खताचा गुण की जमिनीचा?

यंदा नवे खत घातले आणि ज्वारी गतवर्षापेक्षा चांगली आली, असे एखादा शेतकरी सांगतो आणि शेजारी तेच खत विकत आणतो. परंतु यंदाचा पाऊस गतवर्षासारखाच होता काय? पेरणी त्याच नक्षत्रावर झाली काय? त्या रानात मागील हंगामी तूर होती की कपाशी? इतक्या गोष्टी बदललेल्या असताना वाढीचे सारे श्रेय खतास देता येत नाही. आणि श्रेय चुकीचे दिले तर शेजाऱ्याचे पैसे वाया जातात.

म्हणून त्याच शेतात, त्याच हंगामात, बिनखताचा वाफा राखला पाहिजे. बी, पेरणी, कोळपणी सर्व सारखे. फरक केवळ खताचा. शेतकरी बंधू असा वाफा सोडण्यास नाखूष असतात, हा कार्यकर्त्यांचा नेहमीचा अनुभव आहे. परंतु तुलनेस दुसरा वाफाच नसेल, तर खताने काय केले हे कशावरून ठरवावयाचे?

आता हा वाफा कोठे पाडावा? एकाच शेतात माथ्याकडील जमीन उथळ, तर पायथ्याकडे माती खोल असते. बांधालगत ओल टिकते. जुन्या उकिरड्याची जागा वर्षानुवर्षे जोर धरते. रस्त्यालगतच्या चांगल्या तुकड्यास खत द्यावे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांस पीक दिसेल, असा मोह आपणा सर्वांस होतो. मग दिसतो तो जमिनीचाच गुण. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून गव्हावरील खतांचे प्रयोग चालू आहेत. तेथे १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी या दोषावर उपाय सांगितला : कोणत्या वाफ्यास काय द्यावे हे माणसाने न ठरविता चिठ्ठीने ठरवावे. आपल्याकडे उताराच्या एकाच पातळीवर शेजारी शेजारी दोन वाफे आखून प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवावे. छाप पडल्यास डावीकडे खत, काटा पडल्यास उजवीकडे. नाणे पडल्यानंतर मन बदलू नये.

अशा किती जोड्या घ्याव्यात? खतात काहीच गुण नाही असे क्षणभर धरून चालू. मग जोडीतील खताचा वाफा सरस ठरणे हाही नाण्याचाच खेळ होय. तीन जोड्या असतील, तर तिन्हींत खत सरस दिसण्याचा योग केवळ दैवाने आठांत एकदा येतो. सहा असतील तर चौसष्टांत एकदा. सहाही ठिकाणी खत पुढे असेल तर "गुण नाही" हे गृहीत सोडून देण्यास आधार मिळतो. खर्च भरून निघतो की नाही हा मात्र वेगळा हिशेब आहे, तो धान्याच्या भावाने मांडावा.

इतके करूनही मोजमाप चुकले तर श्रम फुकट जातात. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, फार लहान तुकडा कापल्यास उत्पन्न फुगून दिसते. कारण साधे आहे : सीमेवरील ताटे आत घेण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. एक मीटर बाजूचा चौकोन दहा सेंटिमीटरने वाढला तर क्षेत्र २१ टक्के वाढते. पाच मीटर बाजूचा तेवढाच वाढला तर ४ टक्केच. पाच मीटरांच्या चौकोनातील एक किलोची चूक हेक्टरी चार क्विंटल होते, हेही ध्यानात असावे. दोरी ताणून धरावी व वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजणीतून वगळाव्यात, कारण शेजारच्या वाफ्यातील खत पाण्याबरोबर तेथवर पोहोचते.

ओलाव्याकडेही दुर्लक्ष होते. १८ टक्के ओलाव्याचे दहा किलो धान्य १२ टक्क्यांवर वाळले की सुमारे ९.३ किलोच भरते. तेव्हा सर्व वाफ्यांचे धान्य सारखे वाळवून मगच तोलावे. पोत्यांवर "खत" असे न लिहिता नुसते क्रमांक घालावेत. तोलणाऱ्यास क्रमांकाचा अर्थ ठाऊक नसलेला बरा. आपण सारे प्रामाणिक असलो तरी तराजूचा काटा पाहणारा डोळा आशेने पाहतो.

एखाद्या वाफ्याची कणसे पाखरांनी खाल्ली किंवा गुरे शिरली, तर ती संपूर्ण जोडी सोडून द्यावी आणि त्याचे कारण कापणीपूर्वीच वहीत तारखेनिशी लिहावे. वजन कळल्यानंतर सुचलेले कारण ग्राह्य धरू नये.